‘वाचन वाढवा’ म्हणजे काय?

बारावीचे निकाल जुने होतात, प्रवेशाच्या फेऱ्या आटोपत येतात आणि महाविद्यालयांची आवारे पुन्हा गजबजू लागतात. कार्यालयाच्या खिडकीपुढे दाखल्यांच्या प्रती घेऊन मुलामुलींच्या रांगा लागतात. मग एके दिवशी सभागृहात नवागतांचे स्वागत होते. प्राचार्य बोलतात, पाहुणे बोलतात. भरपूर अभ्यास करा, वेळेचे नियोजन करा, अवांतर वाचन करा, असा उपदेश होतो. टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवसापासून तास सुरू होतात. प्रस्तुत लेखकाने गेल्या अठरा वर्षांत असे उपदेश ऐकले आहेत आणि केलेही आहेत. त्यांचा उपयोग कितपत होतो, याविषयी मनात संशय उत्पन्न झाला तो एका साध्या प्रसंगामुळे.

काही वर्षांपूर्वी माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गात एक विद्यार्थी होता. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरून एसटीने येणारा, शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारा, हजेरीला ‘येस सर’ म्हणण्यापलीकडे तोंड न उघडणारा. पहिल्या चाचणीत त्याला वीसपैकी सहा गुण पडले. ‘मागणीची लवचिकता’ या प्रश्नाचे उत्तर त्याने गाईडमधून शब्दशः पाठ केलेले होते आणि मधल्या दोन ओळी विसरल्याने ते अर्ध्यावर तुटले होते. मी उत्तरपत्रिकेवर तांबड्या शाईने ‘वाचन वाढवा’ असा शेरा मारला आणि पुढची उत्तरपत्रिका घेतली. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो वर्गात दिसला नाही. पटावर नाव होते. पुढे तेही गेले.

दोन वर्षांनी तालुक्याच्या गावी एका कृषी सेवा केंद्रात तो मला भेटला. खताच्या पोत्यांची बिले तो स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहीत होता. हिशेबात एकदाही अडखळत नव्हता. त्याने ओळखले, बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला. बोलता बोलता म्हणाला, “सर, तुम्ही पेपरावर लिहिलं होतं, वाचन वाढवा. काय वाचायचं, ते विचारायचं राहूनच गेलं.”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले. घरी परतताना मनाशी विचार केला, तेव्हा ध्यानात आले की त्या वेळी त्याने विचारले असते, तर मलाही चटकन उत्तर देता आले नसते. ‘काहीतरी चांगले संदर्भग्रंथ वाच’ असेच मी म्हणालो असतो.

न शिकविलेला विषय

बारावीपर्यंतचा अभ्यास आणि पदवीचा अभ्यास यांत केवळ काठिण्याचा फरक आहे, अशी आपली समजूत असते. वस्तुतः फरक प्रकाराचा आहे. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत काय वाचावयाचे, किती वाचावयाचे आणि कोणत्या प्रश्नाला किती ओळींचे उत्तर लिहावयाचे, हे सर्व दुसऱ्या कोणीतरी ठरविलेले असते. क्रमिक पुस्तक एक, मंडळाची परीक्षा एक आणि शिकवणीच्या सरांनी खुणा करून दिलेले प्रश्न ठरलेले. पदवीच्या पहिल्या सत्रात हा आधार एकाएकी काढून घेतला जातो. अभ्यासक्रमपत्रिकेत आठ-दहा संदर्भग्रंथांची नावे छापलेली असतात. त्यांतील कोणत्या ग्रंथाचे कोणते प्रकरण कोणत्या घटकासाठी पाहावे, हे तेथे लिहिलेले नसते. व्याख्यान चालू असता काय टिपावे व काय सोडावे, ग्रंथाच्या शेवटी दिलेल्या सूचीचा उपयोग कसा करावा, कपाटात पुस्तक सापडले नाही तर ग्रंथपालाला काय विचारावे, अध्यापकाला केव्हा आणि कोठे भेटावे, या गोष्टी कोणत्याही तासाला शिकविल्या जात नाहीत. त्या विद्यार्थ्याला येत असतील, असे आपण गृहीत धरतो.

काहींना त्या येतही असतात. ज्या घरात आई शिक्षिका आहे, काका बँकेत आहेत, थोरली बहीण याच महाविद्यालयातून बाहेर पडली आहे, त्या घरातील मुलाला ही माहिती जेवणाच्या ताटावर मिळते. तिला कोणी शिक्षण म्हणत नाही, इतकी ती सहज असते. ज्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा हा पहिलाच जीव आहे, त्या घरात ती कोठून येणार? अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे एक अदृश्य भांडवल आहे. ज्याच्यापाशी ते नाही, त्याला आपण ‘अभ्यासात कच्चा’ म्हणतो.

मीही अशाच एका घरातून आलो. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस वसतिगृहात मला जी खोली मिळाली, तिच्यात तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी होता. पहिल्याच आठवड्यात तो मला हाताला धरून ग्रंथालयात घेऊन गेला, जाड ग्रंथाची शेवटची पाने उघडून सूची कशी पाहावयाची ते त्याने दाखविले आणि “सगळं पुस्तक वाचायचं नसतं रे, आपल्याला हवं ते शोधायचं असतं” एवढे सांगितले. त्या एका वाक्याने माझी भीती गेली. ती खोली मिळाली नसती तर आज मी हा लेख लिहीत बसलो असतो की नाही, याची खात्री मला देता येत नाही. प्रश्न असा आहे की, जे मला योगायोगाने मिळाले, ते इतरांना व्यवस्थेने का मिळू नये?

हा प्रश्न लहान नाही. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या सुमारे ४ कोटी ३३ लाख होती आणि १८ ते २३ या वयोगटाशी तिचे प्रमाण २८.४ टक्के पडत होते. म्हणजे एवढा विस्तार होऊनही बहुसंख्य तरुण अद्याप दाराबाहेरच आहेत. जे मोठ्या कष्टाने दारापर्यंत आले, त्यांतील कोणी पहिल्याच वर्षी परत फिरत असेल, तर ते नुकसान त्याच्या घराचे आहे तसेच समाजाचेही आहे.

पहिले सहा आठवडे

माझ्या अनुभवाने सांगतो, विद्यार्थ्याचे काय होणार याची दिशा बहुधा पहिल्या सहा आठवड्यांत ठरते. या काळात त्याला कोणत्या गोष्टींची गरज असते?

पहिली गरज वेळेच्या हिशेबाची. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाच्या ४० श्रेयांकांसाठी १,२०० तासांचे अध्ययन गृहीत धरले आहे, म्हणजे एका श्रेयांकामागे ३० तास. त्यांपैकी वर्गातील व्याख्यानाचे तास साधारण १५. वीस श्रेयांकांचे आणि पंधरा आठवड्यांचे सत्र धरले, तर आठवड्याला ४० तास होतात आणि त्यांतले निम्मे वर्गाबाहेरचे असतात. महाविद्यालयात चार तास बसलो की आजचा अभ्यास झाला, असे समजणाऱ्या मुलाला हा हिशेब कोणीही सांगितलेला नसतो. त्यातच त्याचे रोजचे दोन-अडीच तास एसटीत जातात, संध्याकाळी शेतावर किंवा दुकानात हातभार लावावा लागतो. आठवड्याचे १६८ तास कोठे जातात, हे त्याला एकदा कागदावर मांडावयास लावले, की ‘वेळेचे नियोजन करा’ या उपदेशाला प्रथमच अर्थ येतो. दोन तासांमधल्या रिकाम्या वेळात ग्रंथालयात बसले तर आठवड्याचे सहा-सात तास हाती लागतात, हे त्याचे त्यालाच दिसते. पहिल्या महिन्यात रोज दिलेला एक तास हा परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या चार तासांपेक्षा अधिक फळ देतो. चक्रवाढ व्याजाचे गणित जाणणाऱ्याला हे निराळे सांगावयास नको.

दुसरी गरज अभ्यासाच्या रीतीची. आपले बहुतेक विद्यार्थी अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा वाचणे असे समजतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारे आहेत. काही विद्यार्थ्यांना त्यांनी एक उतारा वारंवार वाचावयास दिला. इतरांना तो वाचून झाल्यावर मिटावयास सांगून आठवेल तेवढे लिहावयास लावले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वारंवार वाचणारे पुढे होते. एका आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. विशेष म्हणजे, आपल्या लक्षात चांगले राहील असा भरवसा वारंवार वाचणाऱ्यांनाच अधिक वाटत होता. गाईडची तीच पाने दहा वेळा वाचून परीक्षेला जाणारा आणि ‘सगळे येत होते, पण ऐन वेळी आठवले नाही’ म्हणून हळहळणारा आपला विद्यार्थी येथे स्पष्ट दिसतो.

यासाठी काही साधने लागत नाहीत. तास संपल्यावर वही मिटावी आणि आज काय सांगितले ते पाच ओळींत लिहावे. मग वही उघडून काय सुटले ते पाहावे. मागणीची लवचिकता शिकविली असेल तर व्याख्या पाठ करण्याआधी, कांदा दुप्पट महाग झाला तर आपल्या घरातला कांदा निम्मा होतो का आणि होत नसेल तर का, याचे उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहून पाहावे. ज्याला हे उत्तर लिहिता आले, त्याला व्याख्या पाठ करण्याचे श्रम पडत नाहीत. अनोळखी संज्ञा अडली तर मराठी विश्वकोश आणि शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. त्यांची नावेही प्रथम वर्षाच्या अनेक विद्यार्थ्यांच्या कानांवर पडलेली नसतात.

एकट्याचा अभ्यास

तिसरी गरज सोबतीची. ‘चार मुले एकत्र आली की गप्पाच होणार’ हा पालकांचा आणि पुष्कळदा अध्यापकांचाही समज. या संदर्भात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. देश निराळा, विषयही गणिताचा. परंतु प्रश्न आपलाच होता. १९७० च्या दशकात युरी ट्रीझमन या तरुण अध्यापकाला असे आढळले की, शाळेत हुशार म्हणून नावाजलेले अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्राच्या पहिल्याच पाठ्यक्रमात मागे पडतात, उलट चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले यशस्वी होतात. सहकाऱ्यांनी ठराविक कारणे सांगितली: तयारी कमी, ओढ कमी, घरचे लक्ष नाही. ट्रीझमनने दोन्ही गटांतील काही विद्यार्थी अभ्यास कसा करतात हे प्रत्यक्ष त्यांच्यात राहून पाहिले. ती कारणे टिकली नाहीत. कृष्णवर्णीय विद्यार्थी प्रामाणिकपणे, पण बहुतांशी एकेकटे अभ्यास करीत होते. अडले तर ते आपल्यापुरतेच अडले की सर्वांनाच, हे त्यांना कळत नव्हते. चिनी विद्यार्थी आधी स्वतंत्रपणे उदाहरणे सोडवीत आणि मग संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांची उत्तरे तपासत. ट्रीझमनने यावरून कार्यशाळा सुरू केल्या. तेथे सोपी शिकवणी न देता कठीण उदाहरणे दिली आणि ती गटाने सोडवावयास लावली. त्यांत भाग घेणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल लक्षणीय सुधारले.

आपल्याकडे याचा अर्थ एवढाच की, मागे पडलेल्याला ‘कच्चा’ म्हणून बाजूला बसविण्यापेक्षा चौघांत बसवून अवघड काम द्यावे. शेवटून दुसऱ्या बाकावरचा तो मुलगा आपल्याला एकट्यालाच काही कळत नाही, असे समजत होता. त्या चाचणीत वर्गातील अर्ध्याहून अधिक मुलांना दहाच्या आत गुण होते, हे मला ठाऊक होते. त्याला ठाऊक नव्हते.

प्रवेश देणे निराळे आणि टिकवून धरणे निराळे, हे आपल्या पूर्वसूरींना चांगले उमगले होते. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून वसतिगृहे उभी केली, ती शाळा होत्या म्हणूनच. शाळा आहे आणि शहरात राहावयास जागा नाही, ही अडचण त्यांनी ओळखली. मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू करताना डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. पुण्यातील विद्यार्थी सहायक समिती १९५५ पासून ग्रामीण मुलांच्या राहण्याजेवणाची सोय पाहत आली आहे. विद्यार्थ्याच्या वाटेत नेमका धोंडा कोठे आहे ते पाहून तेथे हात घालावयाचा, ही ती दृष्टी होती. आजचा एक धोंडा अभ्यासाच्या रीतीच्या अज्ञानाचा आहे.

आक्षेप आणि अडचणी

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. महाविद्यालय म्हणजे शाळा नव्हे. अठरा वर्षांच्या मुलाला बोट धरून चालविले तर तो स्वावलंबी कधी होणार? लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष तालमीत आणि प्रकृती कमावण्यात घालविले, हा दाखलाही कोणी देईल. विद्यार्थी तर तो आवडीने देतातच. परंतु टिळकांचे वडील स्वतः शिक्षक होते आणि संस्कृत व गणित यांचे संस्कार त्यांच्यावर घरातच झाले होते, हे विसरून चालणार नाही. एक वर्ष बाजूला ठेवण्याची चैन त्यांना परवडली. ज्याच्या शिष्यवृत्तीचा हप्ता पुढच्या वर्गात जाण्यावर अवलंबून आहे, त्याला ती परवडत नाही. स्वावलंबन हवेच, पण पोहावयास शिकविणारा मनुष्यही पहिले काही दिवस हाताचा आधार देतो.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. प्रवेश लांबतात आणि सत्राचे आठवडे आटतात. अध्यापकांच्या अनेक जागा रिक्त आहेत. तासिका तत्त्वावरील तरुण सहकारी एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावत असतात, त्यांनी थांबून विद्यार्थ्यांशी बोलावे कधी? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली ‘दीक्षारंभ’ या नावाने नवागतांच्या परिचयपर्वाची मार्गदर्शिका काढली. पण कागदावरचा उपक्रम छायाचित्रे आणि अहवाल यांतच संपावयाचा, हा धोका आपल्याकडे नेहमीचाच. नव्या शैक्षणिक धोरणाने तर प्रमुख विषय, दुय्यम विषय, श्रेयांक, त्यांची बँक अशा संज्ञांचा नवा संसार विद्यार्थ्यापुढे मांडला आहे. तो समजावून सांगणारा मनुष्य पूर्वीपेक्षा अधिक हवा.

येथे कार्यालयातील बंधुभगिनींचाही उल्लेख केला पाहिजे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाची मुदत, उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या खात्याशी आधार जोडणे यांत नव्या मुलाचे कित्येक दिवस जातात. खिडकीतून ‘उद्या या’ असे एकदा ऐकले की चाळीस किलोमीटरवरच्या मुलाचा एक दिवस आणि एका दिवसाचे तास बुडतात. त्याऐवजी ‘हे तीन कागद आणा, अमुक वारी या’ असे चिठ्ठीवर लिहून दिले, तर ते काम कोणत्याही व्याख्यानाइतकेच शैक्षणिक आहे.

माझ्यापुरते मी दोन-तीन बदल केले आहेत. प्रथम वर्षाचे पहिले चार तास मी अर्थशास्त्र शिकवीत नाही. टिपणे कशी काढावी, सूची कशी पाहावी, आठवड्याचा हिशेब कसा मांडावा, हे वर्गाकडून करवून घेतो. तिसऱ्या आठवड्यात लहानशी चाचणी घेतो आणि कोणत्या प्रश्नात किती जण चुकले ते फळ्यावर लिहितो. नावे लिहीत नाही. पाच-पाच जणांना कक्षात बोलावतो, कारण एकट्याने दार ढकलण्याचे धैर्य फार थोड्यांना असते. आणि उत्तरपत्रिकेवर ‘वाचन वाढवा’ असे लिहिणे मी सोडून दिले आहे. ‘पाने ४२ ते ५१ वाचा, दोन उदाहरणे आपल्या गावच्या बाजारातली लिहा, गुरुवारी दाखवा’ असे लिहितो. एका उत्तरपत्रिकेला दोन मिनिटे अधिक लागतात. १२० विद्यार्थ्यांचा वर्ग धरला तर चार तास होतात. एका वर्गाच्या अनुभवावरून सिद्धांत मांडू नये, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाला समजते. गुरुवारी सगळे येतात असेही नाही. पण पूर्वी कोणीच येत नसे.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगावयाचे आहे की, अध्यापकाने मारलेला शेरा कळला नाही तर तो कळला नाही असे सांगणे यात कमीपणा नाही. दोष पुष्कळदा शेऱ्याचा असतो. विचारा, आणि पहिल्याच महिन्यात विचारा.

त्या दुकानातल्या मुलाला मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाविषयी सांगितले, केंद्राचा पत्ता बिलाच्या मागच्या बाजूला लिहून दिला. त्याने तो कागद घडी घालून खिशात ठेवला. पुढे त्याने प्रवेश घेतला की नाही, हे मला अद्याप कळलेले नाही. या वर्षीच्या पहिल्या चाचणीच्या उत्तरपत्रिका आता टेबलावर आहेत. त्यांतही सहा गुणांच्या काही आहेत.